चिचटोल्याचा साबुदाणा

मुखरू बारसागडेला नागपुरात आपल्या नावाची लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून स्वतःचा रागही यायचा. हजेरी घेताना सरांनी 'मुखरू' म्हटलं की महालातली, धंतोलीतली पोरं मान वळवून बघत. मग त्यानं वहीवर 'एम. एल. बारसागडे' असं लिहायला सुरुवात केली. एल म्हणजे लटारू, म्हणजे त्याचा बाप. एका नावाची लाज झाकायला त्यानं दुसरं तसलंच नाव एका अक्षरात कोंबलं होतं, आणि आपण मोठे हुशार असं त्याला वाटत होतं.

एवढं सोडलं तर गड्याचं बरं चाललं होतं. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, जंगलाला टेकून चिचटोला नावाचं गाव आहे. त्या गावातून एम. ए.च्या वर्गापर्यंत पोचलेला तो पहिलाच. बाप तो लहान असतानाच गेला होता. माय, गुणाबाई, एकटीच धानाची बांधी कसायची आणि दर दोन महिन्यांनी तांदळाचं पोतं नागपूरला पाठवायची. गडचिरोलीपर्यंत बैलगाडी, पुढे नदीवर डोंगा, मग मोटार, मूलहून छोटी रेल्वे, असा त्या पोत्याचा प्रवास असायचा. खानावळीत तांदूळ आपला दिला की महिन्याचं बिल निम्म्यावर येई. ताटावर बसला की मुखरू शेजाऱ्याला सांगायचा, "घरचा तांदूळ आहे, वास घेऊन बघ." त्या तांदळाबद्दल याहून जास्त विचार त्यानं कधी केला नव्हता.

साल होतं सत्तावन्न. एम. ए.चं शेवटचं वर्ष आणि मानेवर प्रबंध. विषय त्यानं स्वतःच निवडला होता, 'झाडीपट्टीतील कुटुंबांचा आहार'. खाण्याबद्दल आपल्याला पुष्कळ कळतं, असा त्याचा समज होता. नवरात्र बसायच्या आत आकड्यांचे तक्ते सरांच्या टेबलावर पडले पाहिजेत, नाहीतर परीक्षा एक वर्ष पुढे. तसं झालं तर शिष्यवृत्ती गेली, आणि चांद्याला नव्यानं निघणाऱ्या कॉलेजात त्याला तोंडी कबूल झालेली शिकवायची जागाही गेली. त्या जागेवर त्यानं इतकी स्वप्नं रचली होती की आता ती त्याची त्यालाच भीती घालत.

प्रबंधाचे मार्गदर्शक पिंपळखुटे सर वरोऱ्याच्या अडत्याच्या घरातले. बोलायला गोड, पण मापात कोणाला सूट नाही.

मुखरूनं आधी असं सुचवलं की वसतिगृहात झाडीपट्टीकडची सातआठ पोरं आहेत, त्यांनाच विचारून घेतो.

"घरी खायला नसतं तर ती इथं शिकायला आली असती का?" सरांनी विचारलं.

मग मुखरू म्हणाला, गडचिरोलीच्या आठवडी बाजारात उभा राहतो, येईल त्याला विचारतो. दोन बाजारांत काम उरकेल.

"बाजारात कोण येतो? ज्याच्याकडं विकायला काही आहे, नाहीतर घ्यायला पैसा आहे तो. ज्याच्याकडं दोन्ही नाही, तो तुम्हाला भेटणारच नाही." सर खुर्चीत मागे रेलले. "आमच्या अडतीवर धान्याचं पोतं आलं की वडील तोंडाशी असलेला दाणा बघायचेच नाहीत. तोंडाशी विकणारा चांगलाच माल ठेवतो. ते परखी खुपसायचे." परखी म्हणजे पोत्याच्या पोटातला दाणा बाहेर काढणारी लोखंडी नळी. "तुम्हाला परखी खुपसायची आहे, बारसागडे. एक गाव घ्या. सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या करा आणि न बघता काढा. ज्याचं नाव निघेल त्यालाच विचारायचं. ते घर लांब असो, भांडखोर असो, की तुमच्या सासऱ्याचं असो. बदलायचं नाही."

"कोणतं गाव घेऊ, सर? आमचं घेतलं तर?"

"तुमचंच का?"

"तिथं जेवणाखाण्याची सोय आहे," मुखरू खरं बोलून गेला.

"याला सोयीचा नमुना म्हणतात. प्रबंधात 'हेतुपूर्वक निवडलेले गाव' असं लिहा."

"आणि घरं किती विचारली तर चालतील?"

"हा प्रश्न दर वर्षी प्रत्येक विद्यार्थी विचारतो. त्याचा अर्थ एवढाच असतो की, सर, कमीत कमी किती कष्टात सुटका होईल."

मुखरूला नेमकं तेच विचारायचं होतं. सरांनीच मग समजावून सांगितलं. घराघरांतल्या उत्तरांत फार फरक नसेल तर थोडी घरं पुरतात, फरक फार असेल तर जास्त लागतात. आधी वीस घरं घ्या, उत्तरं किती पसरतात ते बघा, मग ठरवू. आणि कुटुंब कशाला म्हणणार, त्याची व्याख्या आधी लिहून टाका. मुखरूनं तिथंच शाईनं लिहून दाखवलं: 'एका घरच्या धान्यावर जेवणारी सर्व माणसे म्हणजे एक कुटुंब, मग ती कोठेही राहोत.' सर म्हणाले, व्याख्या चांगली केलीत. त्या एका वाक्यावर मुखरू आठ दिवस छाती काढून हिंडला.

पोळ्याच्या सुटीत तो गावी आला. अंगात खोलीतल्या मित्राची पँट, पायांत मोजे, काखेत कागदांची चळत. बांध्यांत पाणी भरलेलं आणि मोजे घालून आलेला हा एकटाच. पहिल्याच बांधावरून पाय घसरला आणि एम. एल. बारसागडे गुडघ्याइतके चिखलात उतरले. कागद तेवढे त्यानं वर धरले होते. आपण संशोधनासाठी देह झिजवतो आहोत, असं त्याला वाटलं. बांधावरून जाणाऱ्या बायांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्या बराच वेळ हसत होत्या.

मायनं पाय धुवायला पाणी दिलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच, "औंदा संपते न गा तुया शिकनं?"

"औंदा संपते. नवरात्राच्या आत हे काम झालं तं झालं."

"मंग करून टाक बाप्पा," माय म्हणाली, आणि तिनं त्याच्यापुढं वाफेचा भात वाढला.

"तू नाई जेवत?"

"तू जेव. माहं मंग होते."

मुलाच्या शिक्षणाची मायला केवढी काळजी, असं मनात म्हणत मुखरूनं दुसऱ्यांदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाव चिंचेखाली जमलं. गावचे पाटील नानाजी. मालगुजारी गेली तरी गावात शब्द त्यांचाच चाले, कारण ते आवाज न चढवता बोलत. चिठ्ठ्या काढायचा मान म्हाताऱ्या बुधरीचा. सुकलू गोंडाची ही आई. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून तिच्या हातावर गावाचा विश्वास.

चिठ्ठी ही या गावाला नवी गोष्ट नव्हती. मालगुजाराच्या काळापासून ही रीत होती. साहेबाचा मुक्काम पडला, नाहीतर जंगलखात्याचा माणूस 'सागवान कोणी तोडलं' म्हणून विचारत आला, की चिठ्ठी निघायची. ज्याच्या घराची निघेल तो पुढं व्हायचा. पण तो स्वतःचं बोलायचा नाही. काय बोलायचं ते गाव आधी चिंचेखाली बसून ठरवायचं, आणि चिठ्ठीवाला तेवढंच बोलायचा. मुखरूला हे चांगलं ठाऊक होतं, त्याचं लहानपण याच चिंचेखाली गेलं होतं. पण अंगात पँट आणि डोक्यात रँडम सॅम्पलिंग असलं की माणसाला लहानपणचं काही आठवत नाही.

तो उभा राहिला आणि त्यानं भाषण ठोकलं. "आपल्या गावात ऐंशीएक घरं हायेत. सगळ्याइले इचारनं होत नाई. म्हनून वीस चिठ्ठ्या निंगतीन. हे वीस घरं स्वतःपुरतं बोलनार नाईत. ते सगळ्या गावाच्या वतीनं बोलतीन. त्याइच्या उत्तरावर माहा पास-नापास हाये."

लोकांनी माना डोलावल्या. आपलं बोलणं इतकं झटकन कळलेलं पाहून मुखरूला भरून आलं.

बुधरीनं एकेक चिठ्ठी काढली. सुकलूचं घर निघालं. शिवणकाम करणाऱ्या सादिकभाईचं निघालं. पत्रू ढिवराचं निघालं. नानाजी पाटलाचं काही निघालं नाही. शेवटची चिठ्ठी मुखरूनं उघडली. 'गुणाबाई लटारू बारसागडे.' स्वतःच्या मायला काय विचारायचं? ती काय खाते हे आपल्याला ठाऊक नाही का? चिठ्ठी परत गाडग्यात टाकावी, असा हात पुढं गेलाही. पण सरांचं ते सासऱ्याच्या घराचं बोलणं आठवलं, आणि त्यानं हात मागं घेतला.

काम आटपून तो जेवायला घरी गेला, तरी चिंचेखालचे लोक हलले नाहीत. त्यांची कुजबुज घरापर्यंत येत होती. केवढी जिज्ञासा आहे आपल्या लोकांत, मुखरू भात कालवत स्वतःशी म्हणाला.

सकाळी तो आधी सुकलूकडे गेला. सुकलू अंगणात बांबूचं टोपलं विणत बसला होता. प्रश्न पुरता व्हायच्या आतच त्याचं उत्तर आलं. "दोन येळ भात, एक येळ वरन. शनिवारी उपास, साबुदाना."

"सुकलूभाऊ, तुमी उपास करता?"

"करतो न."

"कोनाचा?"

सुकलूनं छपराकडं बघितलं. "मारुतीचा," तो म्हणाला.

मुखरूनं लिहून घेतलं. पत्रू ढिवरानं जाळं विणता विणता तेच सांगितलं, दोन वेळ भात, एक वेळ वरण, शनिवारी साबुदाणा. ज्याच्या दारात मासे वाळत होते त्यानं मासळीचं नावही घेतलं नाही, आणि आपल्या या संशोधकानं ते विचारलंही नाही. मासळीचा रकाना त्यानं आखलेला होता. तो रिकामा राहिलेला त्याला नीटनेटका वाटला.

सादिकभाईच्या दारात मशीन थांबलं. "लिहो, मुखरूभाऊ. दो टाइम भात, एक टाइम वरन. शनिवारी उपास, साबुदाना." आणि कोणाचा उपास ते विचारायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं, "मारुतीचा."

दाराआड त्याची बायको खुर्शीदा होती. तिला जोराचा ठसका लागला. मुखरूनं समासात लिहिलं, 'गावात धार्मिक सलोखा उल्लेखनीय.' खुर्शीदाला त्यानं सुंठ घ्यायलाही सांगितलं.

अशी घरामागून घरं झाली. उत्तर एकच. एका शब्दाचा फरक नाही. मुखरूच्या आनंदाला पारावार राहिला नाही. दुपारी ओसरीवर बसून त्यानं सूत्र मांडलं. उत्तरांतली तफावत शून्य. मग किती घरं पुरतील? आकडे नीट घातले तर सूत्र सांगत होतं की एकही घर लागणार नाही. म्हणजे चिचटोल्याला यायचीसुद्धा गरज नव्हती. आपण घेतलेले सगळे कष्ट शास्त्राच्या दृष्टीनं वाया गेले, हे कळून त्याला फार बरं वाटलं. प्रबंधाचं पहिलं वाक्यही सुचलं: 'संपूर्ण आर्थिक समता नांदणारे असे हे गाव होय.' चांद्याच्या कॉलेजात आपण हे वाक्य शिकवतो आहोत आणि मुलं लिहून घेत आहेत, हेही त्यानं बघून घेतलं. नवरात्राला अजून पुष्कळ दिवस होते.

मायचं घर त्यानं शेवटी ठेवलं होतं. कागद घेऊन चुलीजवळ बसला. म्हणाला, "माय, तुयीबी चिठ्ठी निंगाली हाये. जे हाये ते सांग."

मायनं पदर डोक्यावर घेतला. तहसीलदारासमोर बसावं तशी ती हात जुळवून बसली, आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "दोन येळ भात, एक येळ वरन. शनिवारी उपास, साबुदाना."

मुखरूचं पेन कागदावरच थांबलं. या घरात त्यानं आयुष्याची पहिली सतरा-अठरा वर्षं काढली होती. साबुदाणा या घरात कधी आला नव्हता.

"माय," त्यानं विचारलं, "साबुदाना कसा राह्यते?"

"पांढरा."

"आनखी?"

"पाटलाच्या घरी राह्यते तसा," ती म्हणाली.

मुखरू कागद तिथंच टाकून निघाला. वाटेत एकेक घर त्याच्या डोळ्यांपुढं उलटं फिरू लागलं: सुकलूचं छपराकडं बघणं, पत्रूचे वाळते मासे, खुर्शीदाचा ठसका. तिला आपण सुंठ सांगितली, हे आठवून त्याचे कान तापले. हनुमानाचा उपास करणाऱ्या सादिकभाईबद्दल आपण समासात लिहिलंय, आणि ते शाईनं लिहिलंय.

नानाजी ओसरीवर पान लावत होते. सगळ्यांचं उत्तर एकच कसं, असं मुखरूनं विचारलं तेव्हा त्यांना त्याचंच नवल वाटलं.

"तूच तं सांगतलं गा, वीस घरानं गावाच्या वतीनं बोलाचं. मंग गावाचं बोलनं ठरवा लागते का नाई? वीस जन वीस गोष्टी बोलले असते तं तुया मास्तर म्हनला असता, हा पोट्टा गावात गेलाच नाई, घरी बसून लिवलं. शाळेत नाई का, सगळ्या पोराइचं उत्तर एक आलं तं बरोबर, वेगवेगळं आलं तं छड्या. तुले नापास कसा होऊ द्याचं आमी?"

"पन साबुदाना काऊन, पाटील?"

"उत्तर कोनाच्या घरचं द्याचं, असं निंगालं. सगळे म्हनले, चांगलं दिसाले पायजे, नागपूरले जानार हाये, पाटलाच्या घरचं द्या. मी शनिवारचा उपास करतो बाप्पा. मी खोटं कसा सांगू?"

गावातला एकटा खरं बोलणारा माणूस समोर बसला होता, आणि त्याच्या खरेपणानं वीस कागद रद्दी झाले होते. मुखरूला राग यायला हवा होता. पण तो कोणावर यावा? एका गावानं कामधंदा सोडून त्याला पास करायचं ठरवलं होतं. भाषण त्याचं स्वतःचं होतं. त्याला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. नानाजींनी पान पुढं केलं, ते त्यानं मुकाट्यानं खाल्लं.

त्या संध्याकाळी पुन्हा सभा झाली. या वेळी भाषण आखूड होतं. "माहंच चुकलं. प्रत्येकानं आपापल्या घरचंच सांगाचं. उत्तरं जितके वेगळे तितकं माहं काम खरं. सगळ्याइचं एक आलं तं मी नापास."

"म्हनजे पहिलेपासून उलटं सांगतलं तू," सुकलू म्हणाला.

"हो."

"एवढं शिकून?"

"एवढं शिकूनच," मुखरू म्हणाला, आणि चिंचेखाली पहिल्यांदा सगळे त्याच्यासकट हसले.

मग पुन्हा घरोघर फिरणं सुरू झालं. मोजे त्यानं एव्हाना ट्रंकेत टाकले होते. गाव आता मोकळं बोलायला लागलं, आणि मुखरूचं हसू हळूहळू कमी होत गेलं. सुकलूकडं भात आषाढातल्या आखाडीच्या सणापर्यंत पुरला होता, आता मोहफुलं उकडून आणि वास्ते शिजवून चाललं होतं. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, या दिवसांत जंगलात मिळतात. पत्रूकडं मासे होते, पण मासे विकून तांदूळ आणावा लागे, म्हणून मासे घरात शिजत नसत. सादिकभाईकडं पोळ्याआधी लोक कपडे शिवून घेत तेव्हा चूल बरी पेटे, पुढं दिवाळीपर्यंत ज्वारीची आंबील. कमळा नावाची एक बाई होती, तिनं प्रश्न ऐकून घेतला, उत्तर दिलंच नाही, नुसतं झाकण काढून मडकं दाखवलं. मडक्यात पेज होती, पेजेत तांदूळ शोधावा लागत होता. मुखरूनं कागदावर 'पेज' लिहिलं आणि तिथून तो लवकर उठला.

उत्तरं आता अशी पसरली की सूत्रानं हात टेकले. वीस घरं पुरेनात. बुधरीला परत बोलावून आणखी वीस चिठ्ठ्या काढाव्या लागल्या; पाटलाचं घर याही वेळी निघालं नाही. ज्या माणसाला आठ दिवसांपूर्वी शून्य घरं पुरत होती, तो आता भाद्रपदाच्या चिखलात एकोणचाळिसाव्या घराकडं अनवाणी चालला होता. आणि नवरात्र जवळ येत होतं. हे साल हातचं जातं की काय, या भीतीनं त्याची झोप उडाली. तरी शेवटी एकच घर उरलं. ते त्यानं याही वेळी मागं ठेवलं होतं.

सकाळची वेळ होती. मायनं त्याच्यापुढं भाताचं ताट ठेवलं आणि तिची ती चुलीशी वळली. मुखरूनं ताट बाजूला सारून कागद काढला.

"आता खरं सांग. या घरच्या धानावर जेवनारी मानसं किती?"

"दोन," माय म्हणाली.

"दोन कोन? तू एकटीच हायेस न इथी."

"आन तू?"

"मी नागपूरले राह्यतो, माय."

"तुया ताटात कोनतं धान राह्यते तिथी?"

व्याख्या त्याची स्वतःची होती. सरांनी चांगली म्हटलेली, शाईनं लिहिलेली, 'मग ती कोठेही राहोत'. त्यानं दोन ओळी आखल्या. पहिल्या ओळीत मायचं नाव लिहिलं.

"धान कधी सरलं?"

"आखाडीच्या आंगोदर."

"मंग?"

"मंग पेज. तरोट्याची भाजी. आता वास्ते निंगतेत."

"मी आलो तवापासून भात कुठून आला?"

"पाटलानं देल्ला. पोरगा मोजाले आला हाये म्हनून."

घराच्या कोपऱ्यात धान साठवायची बांबूची ढोली उभी होती. मुखरू उठला आणि त्यानं आत हात घातला. पार तळाशी हात पोचला, तो रिकामाच परत आला. शेवटचं पोतं त्याला नागपुरात ज्येष्ठात मिळालं होतं. वास घेऊन बघ, असं तो शेजाऱ्याला म्हणाला होता.

तो परत येऊन बसला आणि त्यानं दुसरी ओळ भरली. नाव पूर्ण लिहिलं, मुखरू लटारू बारसागडे. भात दोन्ही वेळ, वरण एक वेळ, महिने बारा. मग त्यानं चाळीसही घरांचे कागद चाळले. असं उत्तर दुसऱ्या कोणाच्याही नावापुढं नव्हतं. शनिवारचा साबुदाणा तेवढा वगळला, तर गावानं चिंचेखाली बसून ठरवून दिलेलं उत्तर सगळ्या कागदांत एकट्या त्यालाच लागू पडत होतं.

"लिवलं?" मायनं विचारलं.

"लिवलं."

"आता होशीन न औंदा पास?"

पहिल्या दिवशीही तिनं हेच विचारलं होतं. तेव्हा त्यानं दुसऱ्यांदा भात घेतला होता. "होईन," तो म्हणाला. तिच्या मागं चुलीवर मडकं होतं. त्यानं भाताचं ताट तिच्याकडं सरकवलं. "तू हे खा. मले पेज वाढ."

मायनं ताट होतं तिथंच परत सरकवलं.

"पेज एकाचीच हाये," ती म्हणाली. "तू भात खा."